धावत्या वाहनांमधील अखंड बिनतारी संपर्क : हँडओव्हरची समस्या आणि तिची उत्तरे

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला जात असताना शेजारच्या आसनावरील गृहस्थ फोनवरून घरच्या आजारी माणसाची चौकशी करीत होते. जांबोटी मागे पडल्यावर आवाज तुटू लागला आणि पुढे घाटात तो बंदच पडला. "काय हे नेटवर्क!" असे म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. हीच हकीकत मी पुढे द्वितीय वर्षाच्या वर्गात सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गाडी पुढे गेली की आपला फोन कोण कोणाच्या हाती देतो? आणि देताना तो पडतो कसा?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातील अर्ध्या पानात मावणारे नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. घाटात संभाषण तुटले ते टॉवरने टॉवरच्या हाती देताना तुटले असेलच असे नाही. डोंगराआड टॉवरचा संकेतच पोहोचत नसेल तर द्यायला दुसरा हातच नसतो. याला आच्छादनाचा अभाव म्हणतात. हँडओव्हरचा दोष तेव्हाच म्हणावा, जेव्हा जुने केंद्रही आहे, नवे केंद्रही आहे, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या क्षणी काहीतरी हुकते. उत्तरपत्रिकांत या दोन गोष्टी हमखास एकत्र केलेल्या आढळतात. पहिल्या दोषावर उपाय म्हणजे आणखी टॉवर उभारणे. दुसऱ्यावर कितीही टॉवर उभारले तरी उपाय होत नाही, उलट टॉवर दाट झाले की हँडओव्हरची संख्या वाढते.

वाहनाचा संपर्क तीन प्रकारचा असू शकतो : वाहन आणि मोबाइल टॉवर, वाहन आणि रस्त्याकाठचे छोटे केंद्र, आणि वाहन व दुसरे वाहन. शेवटच्या प्रकारात दोन्ही टोके धावत असतात. तोच सर्वांत अवघड आणि माझ्या मते शिकवण्यास सर्वांत रंजक भाग आहे. परंतु तिथे पोहोचण्यासाठी पहिल्या दोन प्रकारांतून जावे लागते.

वेगाचा हिशेब

वर्गात सुरुवात फळ्यावरील अंकगणिताने करावी, असे मी सुचवीन. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रस्त्याकाठच्या केंद्राचा पल्ला दोन्ही बाजूंना ३०० मीटर धरला तर वाहन त्या केंद्राच्या टप्प्यात ६०० मीटर, म्हणजे २४ सेकंद राहते. समोरून तेवढ्याच वेगाने दुसरे वाहन येत असेल तर सापेक्ष वेग सेकंदाला ५० मीटर होतो आणि त्या दोन वाहनांचा परस्परसंबंध जास्तीत जास्त १२ सेकंद टिकतो. त्यांपैकी उपयोगाचे सेकंद भेटण्यापूर्वीचे सहाच. धोक्याची सूचना एकमेकांना ओलांडून गेल्यावर मिळाली तर तिचा काय उपयोग?

याउलट, एकाच दिशेने जाणाऱ्या दोन वाहनांच्या वेगात ताशी १० किलोमीटरचाच फरक असेल तर त्याच पल्ल्यात ती २१६ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांहून अधिक काळ एकमेकांना ऐकू शकतात. १२ आणि २१६ या दोन आकड्यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले की पुढचा बराचसा विषय आपोआप उलगडतो.

टॉवरकडून टॉवरकडे

मोबाइल दूरध्वनीत ही समस्या पूर्वीच हाताळली गेली आहे. भारतात १९९५ साली सुरू झालेल्या जीएसएम सेवेत फोन एका वेळी एकाच केंद्राशी बोलतो. जुना दुवा आधी सोडायचा आणि मग नवा धरायचा, अशी ही "तोडून जोडण्याची" पद्धत आहे. मधली फट इतकी लहान असते की कानाला ती सहसा जाणवत नाही. सीडीएमए पद्धतीत फोन काही काळ दोन केंद्रांशी एकाच वेळी जोडलेला राहू शके. ही "जोडून तोडण्याची" पद्धत झाली. गोव्यात माडावर चढणारा पाडेली एका हाताची पकड पक्की झाल्याशिवाय दुसरा हात सोडत नाही. दुसऱ्या पद्धतीचे तत्त्व तेच आहे.

केव्हा सोडायचे हा मात्र नाजूक प्रश्न आहे. दोन टॉवरच्या मध्यावर दोघांचे संकेत जवळजवळ सारखे असतात. शिवाय इमारती, झाडे, ट्रक यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे प्रत्येक संकेत सतत वरखाली होत असतो. "जो संकेत अधिक, त्याच्याकडे जा" एवढाच नियम ठेवला तर फोन क्षणात इकडे, क्षणात तिकडे उड्या मारू लागेल. यालाच अभियंते पिंगपाँग म्हणतात. म्हणून दोन अटी घातल्या जातात. नवा संकेत जुन्यापेक्षा ठरावीक डेसिबलने, समजा ३ डेसिबलने, अधिक हवा, आणि ही आघाडी ठरावीक काळ टिकली पाहिजे. एलटीई पद्धतीत हा काळ, उदाहरणार्थ, ३२० मिलिसेकंद ठेवता येतो. सेकंदाला २५ मीटर वेगाने धावणारे वाहन तेवढ्यात ८ मीटर पुढे जाते. हा काळ ६४० मिलिसेकंद केला तर १६ मीटर.

पायी चालणाऱ्यासाठी ठरवलेली सावधगिरी वाहनासाठी घातक ठरते, ती इथेच. शहरात वाहन कोपऱ्यावर वळले की जुन्या टॉवरचा संकेत अवघ्या काही मीटरमध्ये एकदम कोसळतो. फोन नियमानुसार वाट पाहत असतो आणि तेवढ्यात हँडओव्हरचा आदेश ज्या दुव्यावरून यायचा तो दुवाच नाहीसा होतो. घाई केली तर पिंगपाँग, उशीर केला तर तुटलेला संबंध. या दोहोंच्या मध्ये सर्व वेगांना लागू पडेल असा एक आकडा नाही. म्हणून २०२० साली पूर्ण झालेल्या ३जीपीपीच्या १६ व्या आवृत्तीत ५जीसाठी दोन सुधारणा आल्या. एकीत, संबंध चांगला असतानाच फोनला "अमुक अट पूर्ण झाली तर तमुक केंद्राकडे जा" असा आदेश आगाऊ देऊन ठेवता येतो. ऐनवेळी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दुसरीत, नव्या केंद्राशी संबंध जुळेपर्यंत जुन्याकडून माहिती घेणे चालू ठेवले जाते. जोडून तोडण्याची जुनी कल्पना नव्या वेषात परत आली, इतकेच.

वाय-फाय आणि रस्ता

टॉवरमागे एक मोठी संस्था उभी असते. वाय-फायच्या बाबतीत निर्णय उपकरणावरच सोपवलेला असतो आणि ते उपकरण मुळात टेबलावर ठेवण्यासाठी घडवलेले आहे. जुने केंद्र क्षीण झाले की ते एकेका चॅनेलवर जाऊन "कोणी आहे का?" असे विचारत फिरते. मग ओळख पटवणे, नोंदणी, शेवटी आयपी पत्ता मिळवणे. २००३ साली मिश्रा, शिन आणि अर्बॉ यांनी प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवले की बिनतारी थरावरील हँडओव्हरच्या एकूण वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ या शोधाशोधीतच जातो. म्हणजे दोष लहरींचा नसून सवयीचा आहे.

पुढील वर्षी ऑट आणि कुट्शर या जर्मन संशोधकांनी महामार्गावर ताशी ८०, १२० आणि १८० किलोमीटर वेगाने मोटार चालवून रस्त्याकाठच्या साध्या वाय-फाय केंद्राशी संबंध जोडून पाहिला. संपर्काचे तीन टप्पे दिसले. प्रवेशाच्या टप्प्यात पॅकेट हरवतात, मधल्या टप्प्यात माहिती भरभरून वाहते आणि बाहेर पडताना पुन्हा गळती सुरू होते. ताशी १८० च्या वेगातही मधला टप्पा उपयोगी ठरला. वेगवान वाहनात वाय-फाय चालणारच नाही, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. प्रश्न एवढाच उरला की त्या थोडक्या सेकंदांतील किती वेळ ओळखपाळखीत घालवायचा.

एमआयटी येथील कॅबर्नेट प्रकल्पाने २००८ साली त्याचे उत्तर दिले. प्रचलित सॉफ्टवेअरला इंटरनेटशी संबंध जोडायला सरासरी १० सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. सगळ्या पायऱ्या एकत्र करून, ताटकळण्याच्या मुदती कमी करून तो ४०० मिलिसेकंदांच्या आत आणला गेला. आपल्या हिशेबात सांगायचे तर संबंध जुळेपर्यंत पूर्वी मोटार २५० मीटर पुढे जात असे, आता ती १० मीटरच पुढे जाते. केंद्र तेच, अँटेना तीच, फक्त शिष्टाचार कमी केला.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंड येथील आवारात फिरणाऱ्या वाहनांवर आणखी एक कल्पना तपासण्यात आली. तिचे नाव विफाय. वाहन एका केंद्राला मुख्य मानते, पण आसपासची इतर केंद्रेही त्याचे पॅकेट कान देऊन ऐकत असतात. मुख्य केंद्राला न पोहोचलेले पॅकेट शेजारच्याने ऐकले असेल तर तो ते पुढे पोहोचवतो. नेहमीच्या हँडओव्हरच्या तुलनेत विनाअडथळा बोलण्याचा काळ या पद्धतीत दुप्पट झाला. शाळेत एका मुलाला फळ्यावरचे वाक्य दिसले नाही तर तो शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

पत्ता बदलतो तेव्हा

आतापर्यंत आपण लहरींच्या थरावर होतो. त्याच्या वर आणखी एक अडचण आहे. इंटरनेटमधील आयपी पत्ता हा एकाच वेळी यंत्राची ओळख आणि त्याचे ठिकाण असतो. ठिकाण बदलले की पत्ता बदलतो आणि पत्ता बदलला की चालू असलेला संवाद तुटतो, कारण समोरचे यंत्र जुन्या पत्त्यालाच ओळखत असते. माणूस बेळगाव सोडून वडोदऱ्याला राहायला गेला तर तो जुन्या पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो आणि टपाल तिकडे वळवले जाते. १९९६ साली चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या मोबाइल आयपी या नियमावलीत नेमके हेच आहे. मूळ गावी एक प्रतिनिधी राहतो आणि तो आलेले पॅकेट नव्या पत्त्यावर पाठवतो. यातील तोटाही टपालासारखाच आहे. शेजारच्या गल्लीतून आलेले पत्रसुद्धा आधी बेळगावला जाऊन मग वडोदऱ्याला येते.

नंतरच्या वर्षांत या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी बसच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणजे २००५ ची नेमो ही पद्धत. बसमध्ये ४० प्रवासी असतील तर ४० फोननी पत्ते बदलत बसण्याऐवजी बसमधील एकच राउटर सर्वांच्या वतीने पत्ता बदलतो. आतल्या प्रवाशांना आपण हललो आहोत याचा पत्ताच लागत नाही. अलीकडे २०२१ साली प्रमाणित झालेल्या क्विक नियमावलीने वेगळी वाट धरली. संवादाची ओळख पत्त्यावर न ठेवता स्वतंत्र क्रमांकावर ठेवली, त्यामुळे पत्ता बदलला तरी तोच संवाद पुढे चालू राहू शकतो. माझ्या मते ही युक्ती मोबाइल आयपीपेक्षा सरळ आहे. तिला वाटेतील कोणत्याही प्रतिनिधीची परवानगी लागत नाही.

वाहन ते वाहन

आता दोन्ही टोके धावू लागतात. इथे टॉवर नाही, "देणारा" कोणी नाही. एका वाहनाचा निरोप दूरच्या वाहनापर्यंत न्यायचा तर मधल्या वाहनांनी तो हातोहात पुढे द्यायचा. अशा साखळीचे दुखणे संभाव्यतेच्या एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, प्रत्येक दुवा पुढील एक सेकंद टिकण्याची संभाव्यता ०.९५ आहे आणि साखळीत सहा दुवे आहेत. दुवे परस्परांपासून स्वतंत्र मानले तर संपूर्ण साखळी एक सेकंद टिकण्याची संभाव्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. पाच सेकंद टिकण्याची संभाव्यता अवघी ०.२१. एकेक दुवा बळकट वाटतो, साखळी मात्र मातीची ठरते.

म्हणून आधी संपूर्ण मार्ग शोधून मग त्यावरून माहिती पाठवणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ २००३ ची एओडीव्ही, दाट रहदारीत धापा टाकतात. मार्ग सापडेपर्यंत तो मोडलेला असतो. कार्प आणि कुंग यांनी २००० साली मांडलेली जीपीएसआर पद्धत मार्ग लक्षातच ठेवत नाही. प्रत्येक वाहन निरोप हाती आल्यावर फक्त एवढेच पाहते, की माझ्या शेजाऱ्यांपैकी मुक्कामाच्या सर्वांत जवळ कोण आहे? त्याच्या हाती निरोप दिला की काम संपले.

परंतु "सर्वांत पुढचा शेजारी" हा नियम रस्त्यावर फसवा ठरतो. पल्ला ३०० मीटर आहे. एक मोटार २९० मीटर पुढे असून आपल्यापेक्षा सेकंदाला ५ मीटर अधिक वेगाने जात आहे. दुसरी २०० मीटर पुढे असून आपल्याच वेगाने चालली आहे. नियम पहिलीला निवडतो. ती उरलेले १० मीटर दोन सेकंदांत पार करून पल्ल्याबाहेर जाते. दुसरीशी असलेला दुवा वेग बदलेपर्यंत तुटणार नाही. उरलेल्या अंतराला सापेक्ष वेगाने भागले की दुव्याचे उरलेले आयुष्य मिळते. हा भागाकार करून शेजारी निवडणे हेच धावत्या वाहनांमधील बहुतेक चांगल्या पद्धतींचे मर्म आहे. दुवा तुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो केव्हा तुटणार हे आधी ओळखून दुसरा तयार ठेवायचा.

रस्त्यावरील अँटेना जमिनीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीवर असते, हेही विसरता कामा नये. मध्ये एक उंच मालट्रक आला तरी संकेत दबतो. त्यातच डॉप्लर परिणामाची भर पडते. ५.९ गिगाहर्ट्झ वारंवारता आणि सेकंदाला ५० मीटर सापेक्ष वेग यांचा गुणाकार करून प्रकाशाच्या वेगाने भागले तर सुमारे ९८० हर्ट्झचे विचलन मिळते. या विचलनाने वारंवारता फारशी ढळत नाही. खरी अडचण अशी, की बिनतारी मार्गाचे स्वरूपच अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत बदलते. ३०० बाइटचा निरोप ६ मेगाबिट वेगाने पाठवायला ०.४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे निरोपाच्या आरंभी केलेला मार्गाचा अंदाज शेवटच्या अक्षरापर्यंत शिळा झालेला असतो.

संबंध न जोडताच संपर्क

येथवर आपण संबंध टिकवण्याच्या युक्त्या पाहिल्या. सुरक्षिततेच्या निरोपांसाठी मात्र अभियंत्यांनी प्रश्नच उलटा केला. ज्या दोन वाहनांची भेट सहा सेकंदांची आहे, त्यांनी आधी ओळखपाळख करावीच का? २०१० साली संमत झालेल्या आयईईई ८०२.११पी या प्रमाणात वाय-फायमधील नोंदणी आणि जोडणीच्या पायऱ्या काढूनच टाकल्या आहेत. प्रत्येक वाहन आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती सेकंदाला १० वेळा मोठ्याने सांगत राहते. ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावे. निरोप कोणी केला याची खातरी डिजिटल सहीने पटते, जोडणीने नव्हे. हँडओव्हर करण्यासारखे काही उरतच नाही. चॅनेलची रुंदी २० ऐवजी १० मेगाहर्ट्झ केली, त्यामुळे प्रत्येक चिन्ह दुप्पट लांब झाले आणि रस्त्यावरील परावर्तने सोसण्याची शक्ती वाढली.

आपल्या परिसरातही या विचाराचे एक नाते आहे. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने तयार केलेले टक्करविरोधी उपकरण जीपीएसने आपली जागा ओळखून रेडिओ मोडेमद्वारे सुमारे ३ किलोमीटरच्या टप्प्यातील दुसऱ्या गाडीच्या उपकरणाशी बोलत असे. पुढे ते ईशान्य सीमा रेल्वेवर बसवण्यात आले. रेल्वेचा रूळ ठरलेला आणि गाड्या मोजक्या. रस्त्यावर या दोन्ही सोयी नाहीत.

मोठ्याने बोलण्याची किंमत असते. आपल्या ३०० बाइटच्या निरोपाला आरंभीच्या चिन्हांसह ०.४५ मिलिसेकंद धरू. १०० वाहने सेकंदाला १० वेळा बोलली तर १००० निरोप होतात आणि ते चॅनेलचा ४५ टक्के वेळ खातात. २०० वाहने असतील तर ९० टक्के. तत्पूर्वीच निरोप एकमेकांवर आदळू लागतात. सणाच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, तशी ही गत. म्हणून गर्दी वाढली की प्रत्येक वाहनाने बोलण्याची वारंवारता किंवा आवाजाची शक्ती आपणहून कमी करायची, असे नियम केले गेले. हे नियम पाळायला लावणारा पोलीस तिथे कोणी नाही, ही त्यातील गंमत.

एका रस्त्यावर दोन भाषा

तंत्र सिद्ध झाले, पण ते रस्त्यावर आले नाही, किंवा फार थोडे आले. याचे कारण समजून घेणे शिक्षकांना उपयोगी पडेल, कारण जुन्या पुस्तकांत या तंत्राचे भविष्य फार उज्ज्वल रंगवलेले आढळते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ साली ५.८५० ते ५.९२५ गिगाहर्ट्झ हा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाहनांसाठी राखून ठेवला. २०१७ च्या सुमारास सर्व नव्या मोटारींत ही सोय सक्तीची करण्याचा प्रस्ताव तेथील सरकारने मांडला होता. दरम्यान, २०१७ साली मोबाइल क्षेत्राने एलटीईवर आधारलेली सी-व्ही२एक्स ही दुसरी पद्धत आणली. तीतही वाहने टॉवरशिवाय एकमेकांशी थेट बोलतात, पण प्रत्येकाने आधी सुमारे एक सेकंद कानोसा घेऊन मोकळी वेळ आपल्यासाठी राखायची असते. दोन्ही पद्धती एकाच पट्ट्यात, एकाच कामासाठी, आणि तरीही एकीचे बोलणे दुसरीला मुळीच कळत नाही.

परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. जनरल मोटर्सने २०१७ च्या कॅडिलॅक सीटीएसमध्ये पहिली पद्धत बसवली, फोक्सवॅगनने २०१९ च्या आठव्या गोल्फमध्ये तीच निवडली, तर चीनने २०१८ साली दुसरीसाठी २० मेगाहर्ट्झ दिले. अमेरिकी आयोगाने २०२० साली राखीव पट्ट्यातील ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायला देऊन टाकले. उरलेल्या ३० साठी सी-व्ही२एक्सचे अंतिम नियम २०२४ साली केले. सक्तीचा प्रस्ताव तत्पूर्वीच, २०२३ साली, मागे घेण्यात आला होता.

सक्तीचा मुद्दा का महत्त्वाचा, हे एका वर्गसंख्येने कळते. १०० पैकी १० वाहनांत हे उपकरण असेल तर रस्त्यात भेटणाऱ्या कोणत्याही दोन वाहनांपैकी दोघांकडेही ते असण्याची संभाव्यता १०० त १ एवढीच. निम्म्या वाहनांत बसवले तरी २५ टक्के. ज्याने पैसे मोजले त्यालाही लाभ मिळत नाही, जोवर समोरचाही मोजत नाही. आपल्या रस्त्यांवर तर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारी माणसे एकत्र असतात. महागड्या मोटारींनी आपापसांत बोलून घेतले आणि दुचाकीस्वार त्या संभाषणाबाहेर राहिला, तर अपघात टाळण्याच्या दृष्टीने साधले काय? या प्रश्नाला मला तरी तांत्रिक उत्तर दिसत नाही.

आपल्याकडे वाहन आणि रस्ता यांच्यातील बिनतारी संबंध वेगळ्या, स्वस्त वाटेने आला. २०२१ पासून चारचाकींना सक्तीचा झालेला फास्टॅग हा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमधील साधा आरएफआयडी टॅग आहे. त्यात बॅटरी नाही आणि संबंध क्षणभराचा. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांत लागू झालेले एआयएस-१४० प्रमाणाचे मागोवा यंत्र मोबाइल जाळ्यावर चालते. जाळे नसेल तेव्हा ते आपल्या नोंदी साठवून ठेवते आणि संकेत परतल्यावर पाठवते. चोर्ला घाटातील बसच्या दृष्टीने ही शेवटची सोय फार शहाणपणाची आहे.

तुटलेला संपर्क चालतो तेव्हा

साठवा, वाहून न्या आणि मग द्या, ही कल्पना स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात या शतकाच्या आरंभी डाकनेट नावाचा प्रयोग झाला. सरकारी भूमी योजनेतील जमिनीच्या नोंदी खेड्यांपर्यंत पोहोचवायच्या होत्या आणि तार वा टॉवर परवडत नव्हता. एका प्रवासी बसवर वाय-फाय केंद्र बसवले. बस गावातील संगणकाजवळून गेली की दोघांमध्ये आपोआप देवाणघेवाण होई. २००४ साली पेंटलंड, फ्लेचर आणि हॅसन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार अशी एक भेट सरासरी अडीच मिनिटांची असे आणि तेवढ्यात एका दिशेने सुमारे २० मेगाबाइट माहिती जात असे. त्या काळच्या दूरध्वनी-मोडेमला तेवढ्यासाठी तास मोजावे लागले असते. हँडओव्हर नाही, मार्ग नाही, अखंडता नाही, आणि तरीही शेतकऱ्याचा कागद पोहोचला.

म्हणून "अखंड" हा शब्द वर्गात वापरताना नेहमी विचारावे : कोणासाठी अखंड? पुढच्या वाहनाने करकचून ब्रेक दाबला, ही बातमी १०० मिलिसेकंदांत पोहोचली पाहिजे. तेवढ्यात मागची मोटार अडीच मीटर सरकलेली असते. संभाषणाला अर्ध्या सेकंदाची फट खटकते. चित्रपट आधीच काही सेकंद साठवलेला असल्याने त्याला ती जाणवतही नाही. आणि जमिनीचा उतारा संध्याकाळच्या बसने आला तरी चालतो. एकाच वाहनातील या चार निरोपांना एकच उपाय लावणे हीच अनेक जुन्या संशोधन-निबंधांतील चूक आहे.

वर्गासाठी

प्रयोगशाळेत वाहने आणता येत नाहीत, पण दोन स्वस्त वाय-फाय राउटर आणि एक लॅपटॉप बहुतेक महाविद्यालयांत असतात. व्हरांड्याच्या दोन टोकांना राउटर ठेवावेत, दोघांना एकच नाव द्यावे आणि दोन्ही कॉलेजच्या एकाच जाळ्यात जोडावेत. लॅपटॉपवरून सेकंदाला पाच-दहा पिंग पाठवत विद्यार्थ्याने सावकाश चालत जावे. दुसऱ्याने संकेताची तीव्रता आणि हरवलेले पिंग टिपावेत. मग तोच फेरा धावत करावा. परतीच्या फेरीत बदल त्याच जागी होतो का, हे जरूर पाहण्यास सांगावे. तो बहुधा त्या जागी होत नाही, आणि ३ डेसिबलची अट म्हणजे काय हे तिथे डोळ्यांना दिसते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जर्मन अंतराळ केंद्राने विकसित केलेले सुमो हे रहदारीचे आणि एनएस-३ हे जाळ्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात "सर्वांत पुढचा शेजारी" आणि "सर्वांत टिकाऊ शेजारी" हे दोन नियम चालवून किती निरोप पोहोचले हे मोजणे हा एका सत्राचा चांगला प्रकल्प होईल. ज्या विद्यार्थ्याने मला मूळ प्रश्न विचारला होता, त्याने व्हरांड्यातला प्रयोग केला तेव्हा धावत जाताना हरवलेले पिंग त्याच्या अंदाजापेक्षा कमी निघाले. कारण शोधता शोधता त्याच्या लक्षात आले, की त्याच्या लॅपटॉपने संपूर्ण व्हरांडाभर पहिला राउटर सोडलाच नव्हता.